उत्तराला गुण नाहीत

उत्तम गायकवाड सरांनी एक वाळकी काटकी मोडली आणि अर्धी कल्याणच्या खाडीत फेकली. काटकीने जागच्या जागी एक गिरकी घेतली आणि ती डोंबिवलीच्या बाजूला, म्हणजे समुद्राकडे, निघाली. सरांनी घड्याळ पाहिलं. वेळापत्रकाप्रमाणे भरती केव्हाच लागायला हवी होती. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. वेळापत्रक मुंबईच्या किनाऱ्याचं होतं. तिथलं पाणी इथवर चढायला वेळ लागणारच. भूगोल शिकवता शिकवता केस पिकले, आणि नेमका पेपर काढताना हे सुटलं!

मागे घाटाच्या पायऱ्यांवर अकरावीचा वर्ग फोन हातात घेऊन बसला होता. दिवाळीत घरून लिहून आणायला दिलेल्या पेपरात अर्ध्या वर्गाची उत्तरं एकाच साच्यातली निघाली होती. एआयने लिहिलेली. सरांनी त्या सगळ्यांना शून्य दिलं आणि पालक भांडायला आले. तेव्हा प्राचार्य वैशालीमॅडम म्हणाल्या होत्या, "असा पेपर काढा की फोन असला काय नि नसला काय. पण आदर्श उत्तर माझ्या टेबलावर हवं. नाहीतर पुढच्या वेळी जुनाच पेपर."

म्हणून आजचा हा पेपर.

"समोरचं पाणी बघा," सरांनी सांगितलं. "फोनला काय हवं ते विचारा. उत्तराला गुण नाहीत. पाणी बघून तुम्हाला जो प्रश्न पडेल तो लिहा, आणि का पडला तेही लिहा. गुण त्याला."

पाण्यावरची सगळी जलपर्णी उलटी, वरच्या अंगाला असलेल्या गांधारी गावाच्या दिशेने चढताना दिसेल, आणि नदी मागे का चाललीय असं कोणीतरी विचारेल, असा त्यांचा हिशेब होता. 'भरतीमुळे' हे उत्तर लिहून पिशवीत तयारही होतं. आता भरतीचाच पत्ता नव्हता.

"सर, प्रश्नपण एआयला विचारला तर चालेल?" प्रेमने विचारलं.

"चालेल."

प्रेमने फोन बडवला आणि प्रदूषणावरचे प्रश्न धडाधड वाचून दाखवले.

"पाणी बघून विचारलेत का रे?"

"त्याने कुठे बघितलंय सर!"

वर्ग हसला. प्रेमने मात्र मान वर करून पहिल्यांदा पाण्याकडे बघितलं.

अक्षदा शेवटच्या पायरीवर उभी होती. ती नदीकाठच्या मोहने गावची, पाण्यावरची जलपर्णी तिला रोजचीच. तिने अजून कागदाला पेन लावलं नव्हतं. शून्य मिळालेल्यांत तीही होती.

"सर, इकडे या ना जरा."

सर खाली उतरले.

"ही काठाची जलपर्णी बघा. आत चाललीय, गांधारीकडे. आणि ती मधली बाहेर. एकाच टायमाला. असं कसं?"

वारा असेल, सरांना वाटलं. त्यांनी बोट ओलं करून वर धरलं. वारा नव्हता. उरलेल्या काटकीचे दोन तुकडे करून त्यांनी एक काठाजवळ टाकला, एक लांब भिरकावला. दोघांनी दोन वाटा धरल्या. सरांनी बूट काढून पायरीवर ठेवले, पँट दुमडली आणि घोटाभर पाण्यात उतरून वाकून पाहिलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

एव्हाना सगळा वर्ग खाली आला होता.

"भरती लागताना काठाचं पाणी आधी वळतं, असं हा सांगतोय," प्रेम फोनमध्ये बघून म्हणाला. "मधल्या पाण्याला जोर जास्त, म्हणून ते उशिरा वळतं म्हणे."

अक्षदाने लांबवर दिसणाऱ्या खाडीवरच्या पुलाकडे हात केला.

"मग खांबांच्या मागेपण आधीच वळत असेल. तिथेपण जोर कमीच ना?"

सगळ्यांच्या माना पुलाकडे वळल्या. खांब लांब होते. इथून काही कळेना. प्रेमने फोन खिशात टाकला आणि डोळ्यांवर हात धरला.

परतताना सर अक्षदाच्या बरोबरीने चालू लागले.

"दिवाळीतलं ते उत्तर..."

"फोनचंच होतं सर." तिने मान खाली घातली नाही. "'नदीच्या अवस्था सांगा.' त्याला मी कशाला लागत होते?"

वर रस्त्याला लागेपर्यंत सरांनी दोनदा मागे वळून पाणी पाहिलं.

दुपारी त्यांनी गठ्ठा वैशालीमॅडमच्या टेबलावर ठेवला.

"आणि आदर्श उत्तर?"

सरांचा हात पिशवीकडे गेला, आणि तसाच मागे आला.

"नाही मॅडम. काढलं होतं, पण ते चालणार नाही."

"मग गुण कशावर देणार? पालकांना मी काय दाखवू?"

सरांनी वरचाच कागद पुढे सरकवला. मॅडमनी वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. प्राचार्य व्हायच्या आधी त्या रसायनशास्त्र शिकवायच्या. आता कित्येक वर्षं नुसत्या सह्या.

"खांबांच्या मागे खरंच वळतं का?"

"माहीत नाही. उद्या ओहोटी संपायच्या आत परत जातोय. तिथपर्यंत न्यायला होडी ठरवलीय."

मॅडमनी कागद गठ्ठ्यावर नीट ठेवला. सहीसाठी उघडलेल्या पेनाला टोपण लावलं.

"होडीत आणखी एक माणूस मावेल का हो?"