बिनकुलपाचा मोबाईल

मित्रांनो, आधी माझ्या मालकिणीचा, रत्नाचा फायदा मोजून घेऊ. लढाई जिंकली असती तर तिला काय मिळणार होतं? माळ. म्हणजे सासऱ्याच्या आजापासून वस्तीच्या म्हशी जिथं चरत आल्या, तोच माळ. त्याहून गवताची एक पेंढी जास्त नाही. जे आहे तेच मिळावं म्हणून सरकारशी भांडायला निघालेली माणसं मी या वस्तीतच पाहिली. तशी पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत, कारण मी एक जुना मोबाईल आहे आणि माणसं माझ्यापुढं तोंड लपवत नाहीत.

माझा पहिला मालक भोरच्या कॉलेजात शिकत होता. त्यानं मला फक्त स्वतःचं तोंड दाखवलं. माझी काच तडकली तेव्हा त्यानं मला दुकानात देऊन दुसरा घेतला. भोरला तूप विकायला आलेल्या रत्नानं मला तिथून स्वस्तात घेतलं, पदरानं पुसलं आणि वेल्ह्याच्या वर, डोंगरातल्या आपल्या वस्तीवर नेलं.

वस्तीत रेंज नव्हती. देवळामागच्या आंब्याच्या एका फांदीवर तेवढी यायची. म्हणून रत्ना मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिथंच टांगून ठेवी. मग मी एकट्या रत्नाचा कुठला राहायला! सोनबा टेम्पोवाल्याला शिव्या द्यायचा तो माझ्यातून. फुलाबाई सारोळ्याला दिलेल्या लेकीशी बोलायची तीही माझ्यातून. अर्धा वेळ रडायची, अर्धा वेळ जावयाची चौकशी करायची.

त्या वर्षी सरकारनं माळ एका कंपनीला द्यायचं ठरवलं. कुणी चार माणसं जमवली की जमावबंदी, कुणी पेपरात लिहिलं की दुसऱ्या दिवशी चौकशी, असे ते दिवस होते. भोरला शिकवण्या घेणारी नूतन तरीही रस्ता संपेपर्यंत स्कूटीनं आणि पुढं चालत वस्तीवर यायची. माझ्या डोळ्याचा उपयोग कसा करायचा, ते तिनंच रत्नाला शिकवलं.

ग्रामसभा भरली. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी कागद वाचला, शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणाले आणि चहा मागवला. एकही हात वर झाला नव्हता. रत्नाच्या पदराआडून मी ते सगळं टिपलं. आंब्याच्या फांदीवरून तो व्हिडिओ रडतखडत निघाला आणि सकाळपर्यंत पुण्यात पोचला. मग काय कौतुक माझं! माळावरचं काम थांबलं. साहेब येऊन म्हणाले, गैरसमज झाला. सरकार घाबरलं असं वस्तीला वाटलं. सरकार वाट बघतं तेव्हाही असंच दिसतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

नूतननं माझ्यावर खोऱ्यातल्या वस्त्यांचा एक ग्रुप काढला. मशीन आली तर कुणी कुठं आडवं बसायचं, ते त्यात ठरू लागलं. निम्म्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून ते बोलून निरोप धाडत. रत्नाचे सासरे कोंडिबा तर बहिऱ्याच्या कानात बोलावं तसे मला ओठांशी धरून बोलले, “माळ सोडायचा न्हाई. पुढं मी बसनार.”

नूतन एकदा काळजीनं म्हणाली, “वहिनी, याला कुलूप लावा. धरला गेला तर सगळ्यांची नावं जातील.”

“आन फुलाबाईनं लेकीशी बोलायचं कसं? तिला आकडं कुठं कळत्यात?” रत्ना हसली. “पाणवठ्याला कुनी कुलूप लावतं व्हय, ताई?”

नूतननं मला तसंच पिशवीत घातलं. पाणवठ्यापुढं कुणाचं चालतं?

एके सकाळी खोऱ्यातलं नेट बंद झालं आणि पोलीस वर आले. त्यांनी मला फांदीवरून पाडाच्या आंब्यासारखं उतरवलं. ठाण्यात एका शिपायानं अंगठा फिरवला आणि म्हणाला, “साहेब, ह्यो उघडाच हाये.” कोण काय बोललं, कुणी ऐकलं, कधी ऐकलं, सगळं मी दिलं. रत्नाच्या हातात होतो तेव्हा सरकारची लबाडी टिपली. सरकारच्या हातात गेलो तेव्हा रत्नाचा बेत सांगितला. मित्रांनो, मला हात कळतो, बाजू कळत नाही.

नूतनला त्याच दिवशी भोरहून उचललं. वस्तीत घरोघर नोटिसा गेल्या. मग तालुक्याच्या साहेबांचा निरोप आला: ग्रामसभा पुन्हा घेऊ, नीट पार पडली तर वस्तीवरच्या केसेसचं बघता येईल. त्या निरोपात नूतनचं नाव नव्हतं.

या वेळी साहेबांनी मला पारदर्शक पिशवीत, सील लावून, सगळ्यांना दिसेलसं टेबलावर ठेवलं. शेजारी नवा कोरा मोबाईल व्हिडिओ घेत होता. मंजूर आहे का, असं साहेबांनी विचारलं. सोनबानं माझ्याकडं पाहिलं आणि हात वर केला. फुलाबाईनं केला. रत्नानं खाली बघत केला. कोंडिबांचे हात मांडीवरच होते.

“बाबा, तुमचा आवाज आहे आमच्याकडे,” साहेब मऊपणानं म्हणाले.

कोंडिबांनी सुनेचा वर गेलेला हात पाहिला, मग स्वतःचा उचलला. “खाली कवा घ्यायचा, त्ये बी सांगा सायेब.”

“फोटो झाला की.”



मित्रांनो, मोबाईलला कुलूप लावा, एवढं सांगून मी मोकळा झालो असतो. पण कुलूप असतं तर त्यांनी रत्नालाच ते उघडायला लावलं असतं. म्हणून एवढंच मागतो: माझी काच पुसली नाहीत तरी चालेल, पण माझ्यात दुसऱ्याचं नाव ठेवताना, दुसऱ्याचा आवाज भरताना, तो माणूस डोळ्यांपुढं आणा.

आता कुणाचं काय गेलं ते सांगतो. कंपनीला माळ मिळाला, साहेबांना बढती. पुण्यात ज्यांनी मला शाबासकी दिली त्यांना दुसऱ्याच दिवशी दुसरा व्हिडिओ मिळाला. रत्नाच्या म्हशी बाजारात गेल्या. कोंडिबा दिवसभर ओट्यावर बसतात आणि डोंगराकडं पाठ करून जेवतात. आणि जिची त्या माळावर एक शेळीसुद्धा कधी चरली नव्हती, ती नूतन अजून तुरुंगात आहे.