कोठीवरची माती

निकिता बाळंतपणाला येणार हे ठरलं तेव्हा कामरगावच्या आमच्या घरात तिला देण्याजोगी एकच खोली होती. मागची, बिनखिडकीची. तिथं वखराचे तुटके दांडे, रिकामी पोती आणि सागाचं एक जुनं दार पडून असायचं. निकिता माझी नणंद. आठवा महिना लागलेला, पहिलीच वेळ. "खोली मी करते," मी सासूबाईंना म्हटलं. "घरात हाय त्याच्यातूनच करीन."

मी कारंजाला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तिथून परत आल्यावर रोज दोन तास मिळायचे. तेलाचे रिकामे पिपे सोड्याने धुतले, कडा हातोडीने ठोकून बोथट केल्या आणि आडवे करून भिंतीला बसवले. बाळाची झबली-दुपटी ठेवायला सहा कप्पे झाले. गणेशच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, फाटक्या जीन्सचे खिसे कापून एका जाड कापडावर शिवले. त्यात औषधं, कंगवा, फोन राहिला असता. जुन्या साडीचा पडदा केला. विकत आणले ते फक्त खिळे आणि रंगाचा एक डबा.

प्रश्न पलंगाचा होता. सागाचं दार आडवं टाकलं की फळी तयार होती, पण पायांना काय लावायचं? घरात गुडघ्याच्या जरा वर येणाऱ्या पत्र्याच्या दोन बुटक्या कोठ्या होत्या. रिकाम्या कोठ्या हलतात, भरलेल्या हलत नाहीत. म्हणून यंदाचा गहू पडवीत न ठेवता त्याच खोलीत भरावा, असं मीच सुचवलं. खाली धान्य, वर पलंग. सगळ्यांना युक्ती आवडली. माझे सासरे नानाजी म्हणाले, "शिकलेल्या सुनेचा एवढा तरी फायदा."

सोमवारी मी कामावर असताना त्यांनी कोठ्या भरल्या. मंगळवारी संध्याकाळी मी आणि गणेशने दार त्यावर ठेवलं, तर ते डुगडुगलं. दोन्ही झाकणांच्या कडेला शेणमातीचा जाड लेप होता, कुठे बोटभर, कुठे दोन बोटं. तो दिसायलाही वाईट दिसत होता. मी खुरप्याने सगळा लेप खरवडला, ओल्या फडक्याने कडा पुसल्या आणि दार परत ठेवलं. आता ते समतल बसलं. त्यावर गादी, गादीवर वाकळ, आणि वाकळीची झालर जमिनीपर्यंत सोडली, म्हणजे कोठ्या दिसणार नाहीत. मग खोलीचं दार लावून घेतलं.

बुधवारी मी सुटी घेतली होती. अकरा वाजता निकिता आली. खोली पाहून ती दारातच थांबली.

"वहिनी, हे तं हॉटेलच करून ठेवलं वं तुमी!"

"हॉटेलात भाडं लागते," मी म्हटलं. "इथं भांडी घासा लागतीन."

"सातव्यानंतर भांडी घासत नाहीत, डॉक्टरनं सांगतलं."

"कोणत्या डॉक्टरनं?"

"मीच," ती म्हणाली आणि हसत पलंगावर बसली.

जेवण झाल्यावर एक वाजता ती झोपली. बाहेर मे महिन्याचं ऊन तापलं होतं, म्हणून सासूबाईंनी खोलीत कूलर सुरू केला आणि दार ओढून घेतलं. कूलरमध्ये मी दोन बादल्या पाणी ओतलं होतं.

अडीचच्या सुमारास ती बाहेर आली, न्हाणीपर्यंत पोचली नाही, अंगणातच तिला उलटी झाली.

"ऊन लागलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कैरीचं पन्हं केलं. निकिताने दोन घोट घेतले. "डोकं फुटून राह्यलं, आई. आणि खोलीत लसूण कोण सोलून राह्यलं? वास बसला नाकात."

ती परत आत गेली.

मी चूल सारवत होते. घरात त्या दिवशी लसूण नव्हता. शनिवारच्या बाजारापासून नव्हता. हात तसाच ओला घेऊन मी खोलीकडे गेले. दार उघडलं. वास अगदी हलका होता, लसणाचा म्हटला तर लसणाचा, कार्बाइडचा म्हटला तर कार्बाइडचा. वाकळीची झालर उचलली. कोठ्यांच्या मागे मुंग्यांची रांग होती आणि ती चालत नव्हती. रांगेच्या टोकाला एक पाल उलटी पडली होती.

"निकिता, उठ."

"झोपू द्या नं, वहिनी."

मी तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं. तिचे पाय लडबडत होते. सासूबाई दारात आडव्या आल्या.

"कुठी नेऊन राह्यली तिले? बाहेर बेचाळीसचं ऊन हाय. आत थंड हाय. डोकं फिरलं का वं तुयं?"

"आई, सरका."

"काहून पण?"

"बाजूला सरका!"

लग्नाला चार वर्षं झाली, मी त्यांच्याशी कधी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या बाजूला झाल्या. मी निकिताला अंगणात कडुनिंबाखाली बाजेवर आणलं आणि डाव्या कुशीवर निजवलं. नाडी एकशे चोवीस होती. मग नानाजींना फोन लावला. ते वावरात होते. तिसऱ्यांदा लागला.

"नानाजी, गव्हात काय टाकलं?"

"गोळ्या. त्या गव्हाच्या. मागच्या साली तूच म्हटली होती नं, लिंबाच्या पाल्यानं सोंडे जात नाहीत, यंदा काही जबर टाका?"

हो, म्हटलं होतं. वर्षभर पीठ चाळताना किडे काढून काढून म्हटलं होतं.

"पण मी मातीनं पॅक केलं होतं," ते म्हणाले. "पाच-सात दिवस उघडाचं नाही म्हणून. माती हाय ना? अं? माती तं हाय ना, वैजयंती?"

"मी काढली."

सासूबाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.

गोळीला ओल लागली की वायू सुटतो. हे मी बी.एस्सी.ला लिहून गुण मिळवले होते. आमच्याकडे आजवर गव्हात लिंबाचा पालाच पडायचा, म्हणून घरात हे कुणी कुणाला कधी सांगितलंच नव्हतं. सांगायची गरज पडली नव्हती. बंद खोलीत मी लेप काढला, ओलं फडकं फिरवलं आणि कूलरमध्ये पाणी भरलं.

"आत कोणी जाऊ नका," मी फोनवर म्हटलं. "गणेशले सांगा. खोलीचं दार बाहेरूनच उघडं ठेवा, पण कोठीले हात लावू नका, पाणी तं बिलकुलच नाही."

शेजारच्या गोपीचंदची जीप दारात आणली. मागच्या सीटवर निकिता माझ्या मांडीवर, समोर सासूबाई. गाव सुटलं. मग सासूबाई वळून, गोपीचंदला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी खाली वाकून म्हणाल्या:

"दवाखान्यात गोळीचं नाव काढू नको."

"आई..."

"ऐक माह्यं. गोळी म्हटलं की लोक एकच समजतात. पोलिस येतीन. हिच्या सासरी दोन तासात फोन जाईन, की पोरीनं माहेरी येऊन गोळी खाल्ली. मंग काय केलं होतं सासरच्यानं, काय केलं होतं माहेरच्यानं, सारं गाव सांगत बसन. पोरीले जलमभर नांदाचं हाय तिथी. ऊन लागलं म्हण. सलाईन तं लावतेतच."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तसं झालेलं आम्ही दोघींनीही पाहिलं होतं.

"निकिता," मी विचारलं, "बाळ हललं का?"

तिने डोळे उघडले. बराच वेळ विचार केला. "झोपाच्या आधी हललं होतं."

"आता?"

"आता नाही ध्यान."

सासूबाईंनी तोंडात पदर धरला. मी निकिताच्या पोटावर हात ठेवला. रस्ता खराब होता, जीप उडत होती. हाताखाली काय हलतंय, ते बाळ की जीप, मला सांगता येईना. छाती आवळल्यासारखी होते, असं निकिता म्हणाली. तिचे हात गार होते.

कारंजाच्या दवाखान्यात ड्युटीवर एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी बीपी घेतलं. नव्वद-साठ. "काय झालं?"

"ऊन लागलं," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी प्रवास केला नं."

डॉक्टरबाईंनी 'ऊन' लिहायला सुरुवात केली.

"ऊन नाही," मी म्हटलं. "फॉस्फीन. गव्हाच्या गोळ्यांचा वायू. तोंडातून काही गेलेलं नाही, श्वासातून गेलाय. बंद खोलीत दीड तास. एक उलटी, डोकेदुखी, छातीत आवळल्यासारखं. अडीचच्या पुढे नाडी एकशे चोवीस. झाकणाचा लेप मी काढला होता, गोळ्या आत आहेत हे मला माहीत नव्हतं. एक वाजल्यापासून बाळाची हालचाल तिला जाणवलेली नाही."

डॉक्टरबाईंनी पेन थांबवलं. मग कागद बदलला. "पोलिसांना कळवावं लागेल."

"कळवा. माझं नाव लिहा."

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं, ईसीजी काढला. मग त्यांनी निकिताच्या पोटावर जेल लावून ठोके ऐकायचं छोटं यंत्र टेकवलं. खरखर आली. यंत्र डावीकडे सरकवलं. खरखर. खाली. निकिताने माझं मनगट पकडलं, नखं रुतली. वर. एक मंद ठोका आला, सासूबाई "आला, आला" म्हणाल्या. डॉक्टरबाईंनी मान हलवली. "हा आईचा आहे."

अजून खाली, उजवीकडे. आणि तिथं घाईघाईने पळणारा, पातळ, नेमका आवाज होता. डॉक्टरबाई घड्याळाकडे बघत राहिल्या. "एकशे अठ्ठावन्न. थोडे जास्त आहेत, पण आहेत."

निकिता रडायला लागली. तिला रडू नको म्हणणारं कुणी नव्हतं.

बाहेर डॉक्टरबाईंनी आम्हाला सांगितलं, "याला उतारा नसतो. हृदयावर परिणाम व्हायचा तर उशिरानेही होतो. चोवीस तास पाहावं लागेल, गरज पडली तर वाशिमला पाठवू. बरं झालं, खरं सांगितलंत. उन्हाचं समजून मी दोन बाटल्या भरभर चढवून घरी पाठवलं असतं." आत एकालाच थांबता येईल, असं सांगून त्या गेल्या.

बाकावर आम्ही दोघीच होतो. सासूबाईंनी पिशवीतून निकिताचा टॉवेल काढला, घडी मोडली, परत घातली.

"तिच्या सासरी मीच फोन करतो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या तोंडून नको कळाले."

"मी करते, आई. चूक माही हाय."

"तुही हायच." त्या माझ्याकडे वळल्या. "माह्या मनातून हे इतक्यात जाणार नाही, वैजयंती. सांगून ठेवतो. कोठीवर माती कायले असते, एक डाव विचारलं असतं तं तोंड झिजलं असतं का?"

"नाही."

"मी बी नाही सांगतलं म्हणा." त्यांनी टॉवेल माझ्या हातात दिला. "जाय आत. तूच राह्य. मले त्या मशिनीतलं काही समजत नाही. मी नुसती रडत बसीन, अन् तिले रडणारं माणूस नको समोर."

मी आत गेले. नर्सकडून कागद मागून घेतला आणि रेघा मारल्या: वेळ, नाडी, बीपी, बाळाचे ठोके. पाच वाजता निकिताची नाडी एकशे सोळा होती. साडेपाचला एकशे बारा. ऑक्सिजनचा मास्क लावलेल्या निकिताने बोट वर करून दाखवलं आणि माझा हात ओढून पोटाच्या उजव्या बाजूला ठेवला. मी श्वास धरून थांबले. काही वेळ काहीच नव्हतं. मग आतून एकदा, स्पष्ट, ढुशी बसली.

मी वेळ पाहिली आणि लिहिली. पाच वाजून चाळीस मिनिटं. सहाला परत मोजायचं होतं.