सासू-सुनेची सॅक

मी एक सॅक बोलतेय. पाठीवर घेऊन डोंगर चढतात ना, ती. शाळेच्या दप्तराची थोरली बहीण म्हणा हवं तर. माझी चेन आता धड उघडत नाही, म्हणून जरा सावकाश बोलते.

माझा जन्म शिलाई यंत्रांच्या घरघरीत झाला. मला शिवणारी बाई पट्ट्यांवर पुन्हा पुन्हा टाके घाली आणि शेजारणीला म्हणे, "बाकी काहीही उसवू दे, पट्टा तुटला की शिव्या आपल्याला." मग दुकानातली खुंटी. लोक यायचे, मला पाठीला लावून आरशात छाती फुगवायचे आणि पुन्हा टांगून निघून जायचे. रिकामी सॅक पाठीवर असली की सगळेच शूर असतात.

शेवटी मला एका नर्सने घेतलं. लहान मुलांच्या वॉर्डात काम करणारी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली बाई. ती, तिचा नवरा आणि सासूबाई, असे तिघे पहिल्यांदाच मुक्कामी भटकंतीला निघणार होते. हट्ट सासूबाईंचा. जन्म टेलिफोन ऑपरेटर म्हणून गेला. लोकांना लांबलांबच्या गावांचे फोन जोडून दिले, स्वतः मात्र गावाची वेस ओलांडली नाही. "एकदा तरी उघड्यावर झोपायचंय मला," म्हणायच्या.

निघायच्या सकाळी नवरा दारातच थबकला. "रजा नाही मिळाली," तो चपलांकडे बघत म्हणाला. सासूबाई पाण्याची बाटली भरायला आत गेल्या, तसा माझा पट्टा आवळायच्या निमित्ताने तो बायकोजवळ सरकला. "बदलीचं तूच सांग ना आईला. मला नाही जमणार."

"रजा मिळालीय तुला," ती म्हणाली.

त्याने पट्टा जरा जास्तच आवळला.

तिघांचं सामान माझ्यात कोंबलं होतं. तंबू, स्टोव्ह, भांडी, कपडे, वर सासूबाईंची छत्री आणि रोजची उशी. उशीशिवाय त्यांना झोप येत नाही. मी गळ्यापर्यंत भरले. चढावर नर्सच्या घामाने माझी पाठ भिजली, तिच्या खांद्यांत माझे पट्टे रुतले. ती मला शिव्या घालत होती. मी कुणाला घालणार?

सासूबाई मात्र हरखल्या होत्या. दर वळणावर थांबायच्या. "अगं, ते पाणी बघ केवढं! अगं, तो पक्षी बघ!" नर्स मान वर न करता "हो आई" म्हणायची. तिच्या टाचेला फोड आला होता आणि ओठांवर आलेली गोष्ट ती सकाळपासून गिळत होती.

तळ्याकाठी पोचलो तर साखरेला मुंग्या लागलेल्या. तंबूची काठी भलत्याच खोबणीत गेली आणि तंबू उभा राहिला तो एक खांदा पाडून. तेवढ्यात पाऊस आला. लायटर भिजला, स्टोव्ह काही पेटेना. दोघी अंग चोरून तंबूत बसल्या.

"घरी असतो तर एव्हाना गरम गरम जेवलो असतो," सासूबाई म्हणाल्या.

"घरी आता तुम्हाला एकटीलाच जेवायचंय!" नर्सच्या तोंडून निघून गेलं.

तंबूवर पाऊस वाजत राहिला.

"म्हणजे?"

मग तिने सगळं सांगितलं. नवऱ्याची बदली, दुसऱ्या गावी पाहून ठेवलेलं घर, पुढच्या महिन्यात जायचं. "त्यानेच सांगायचं होतं, आई. म्हणून तर तो या ट्रिपला तयार झाला होता."

"म्हणजे रजेचं खोटं होतं."

"हो."

सासूबाईंनी तोंड फिरवलं आणि माझ्यावर पाठ टेकली. मग त्यांनी विचारलं, "पोचायला किती वेळ लागतो?"

"सबंध दिवस जातो बसने."

"फोन नीट लागतो का तिथे?"

"लागतो."

"मग तू कशाला रडतेस? मुलगा माझा पळाला. रडायचं तर मी." त्यांनी नूडल्सचं पाकीट फोडलं आणि कच्च्याच नूडल्स सुनेच्या हातावर ठेवल्या. "खा. कुडूम कुडूम लागतात." दोघी उंदरासारख्या कुरतडत बसल्या. मध्येच नर्सला हसू फुटलं, मग सासूबाईंनाही.

पहाटे आभाळ स्वच्छ होतं. तळ्यावर पातळ धुकं, आणि एकदाचा पेटलेला स्टोव्ह. बिनसाखरेचा चहा त्यांनी एकेक घोट पुरवून प्यायला. सासूबाई कितीतरी वेळ पाण्याकडे बघत होत्या. आवराआवर सुरू झाली तेव्हा मात्र त्यांनी मला स्वतःकडे ओढलं, भांडी आणि उशी काढून चादरीत गाठोडं बांधलं.

"राहू द्या आई, मी घेते."

"तू घेतेसच गं. म्हणून तर त्याला सवय लागली. आणि मलाही."

घरी पोचल्यावर मुलाने दार उघडलं. "कशी झाली ट्रिप?"

"छान झाली. तुझ्या वाटचं सगळं हिने वाहिलं," सासूबाई म्हणाल्या आणि मला त्याच्या हातात दिलं. "आता एवढी चिखलाची सॅक धू." गच्चीवर तो मला घासत राहिला, चिखल निघून गेल्यावरही. मध्येच बाहीने डोळे पुसत होता. मग खाली गेला आणि आईसमोर बसून बदलीचं त्याने स्वतः पुन्हा सगळं सांगितलं.

महिन्याभराने ते दोघं गेले. मला सासूबाईंनी मागून घेतलं. जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर त्या पुष्कळ हिंडल्या. पावसात भिजल्या, वाट चुकल्या, भांडल्या आणि पुन्हा निघाल्या. पुढे गुडघ्यांनी नाही म्हटलं, तशी मी कपाटावर चढले.

आज माझ्या पोटात जुनी पांघरुणं ठासून भरलीयत. बक्कल तडकलंय, आतलं अस्तर पिठासारखं झडतंय. नर्स सुट्टीला आली की वर बघते आणि "असू दे" म्हणून दिवा मालवते.

मला डोंगर नको आता, खरंच नको. दमले मी. टाकायचं असेल तर खुशाल टाका. फक्त त्याआधी एकदा मला पूर्ण रिकामी करा, झटका, आणि दिवसभर उन्हात टांगून ठेवा. पाठीवर कुणी नाही, पोटात काही नाही, असा एक दिवस मला हवाय.