एकोणीस पाट्या

नवऱ्याच्या, आर्वोच्या दंडात डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा सुई टोचणारा रे लिंडक्विस्ट निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा प्रत्येक अंगणात त्याची पाटी ठोकायचं काम व्हर्ना मॅकिनेनने अंगावर घेतलं. पार्क रोडवर एकोणीस घरं, एकोणीस पाट्या. कारण उघड होतं. सत्ताधारी पक्ष परत आला, तर गावातलं डायलिसिस बंद होणार होतं. पुढचं केंद्र तीनशे किलोमीटरवर, आणि जानेवारीत तो रस्ता अर्धा वेळ बर्फाखाली. आर्वोचा जीव त्या निकालावर टांगलेला होता.

मतदानाच्या सकाळी रेडिओवाला म्हणाला, खरी लढत दोन मोठ्या पक्षांतच आहे, रे तिसरा. रे भला माणूस, पण मत वाया घालवायचं? व्हर्नाने शाळेतल्या मतदानाच्या आडोशामागे पेन्सिल उचलली आणि मोठ्या विरोधी पक्षापुढे फुली मारली. बाहेर शेजारीण इंगा भेटली. दोघी हवेबद्दल बोलल्या. आमच्याकडे मत कुणाला दिलं हे विचारणं म्हणजे पगार विचारण्याइतकं असभ्य. सभ्यपणा कसला, निव्वळ भित्रेपणा तो.

निकाल लागला. सत्ताधारी पक्ष एक्केचाळीस मतांनी जिंकला. दुसरा आला होता रे. मोठा विरोधी पक्ष तिसरा, पण हजारांनी मतं खाऊन.

दुकानात इंगा कॉफी ओतता ओतता म्हणाली, "मी तर रेलाच देणार होते गं. पण म्हटलं, बाकीचं कोण देतंय त्याला."

"मीही तेच म्हटलं," मागून त्याच रस्त्यावरचा टोइवो म्हणाला.

व्हर्ना म्हणाली, "हो का," आणि पाव न घेताच घरी आली. तिला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

बुधवारी आर्वोला डायलिसिसला नेलं, तर भिंतीवर नोटीस लागली होती: डिसेंबरअखेर केंद्र बंद. रेने नेहमीसारखी हलक्या हाताने सुई लावली.

"आमच्या पक्षाचं गावातलं ऑफिसही बंद होतंय," तो म्हणाला. "वरचे म्हणतात, इथे पैसे ओतून काय उपयोग. पुढच्या वेळी यादीत दोनच नावं असतील."

"तू परत उभा राहा की," व्हर्ना म्हणाली.

"कुणाच्या जिवावर, मिसेस मॅकिनेन?" रेचा आवाज चढला नाही, हेच तिला सोसवेना. "पेटीवार आकडे आलेत. तुमच्या रस्त्याची पेटी वेगळी असते ना? एकोणीस पाट्या होत्या. मतं पडली तेहेतीस. त्यातलं मला एक."

तो पुढच्या रुग्णाकडे गेला. यंत्र घरघरत राहिलं. व्हर्ना आर्वोचं पांघरूण सारखं करत बसली, ते नीट असूनही.

"ते एक माझं," आर्वो म्हणाला.

तिने मान वर केली नाही.

"मला वाटलं, आपली दोन तरी असतील," तो म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले. अजून साडेतीन तास बाकी होते.