गुलाबी प्रत

हवालदाराला या भेटीतून मिळणार होतं ते थोडं नव्हतं. समाजसेविकेबरोबर जोडीने केलेलं हे दहावं घर. निर्वेध पार पडलं की बढतीच्या यादीत नाव, आणि वीस वर्षं झिजलेल्या टाचांना टेबलाखालची सावली. समाजसेविका ताईंना मिळायचं होतं ते एकच: मार खाणारी बाई धडधाकट घराबाहेर.

वाटणी ठरलेली. ताई आत बाईशी बोलणार, हवालदार पुढच्या खोलीत नवऱ्याला गुंतवणार. नवरा असा गोड, की मुंग्या लागाव्यात.

"साहेब, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच."

"भांड्याला लागलं असतं तर मी कशाला येतोय? तिच्या कानामागे सात टाके आहेत."

"सही कुठे करू?" नवरा हसून म्हणाला.

ताईंनी आतून भरलेला फॉर्म आणून दिला आणि पिशवी घेतलेल्या बाईला गाडीत बसवलं. हवालदाराने सही घेतली, नवऱ्याची गुलाबी प्रत फाडून हातात दिली आणि गाडी हाणली.

बाईला थोरल्या बहिणीच्या दारात सोडून ते निघाले. चौकात ताईंनी हात पुढे केला.

"प्रतीचा खालचा तुकडा द्या."

"कसला तुकडा?"

दोन्ही खात्यांनी गेल्या महिन्यात आपापले फॉर्म जोडून एकच केला होता. वरचा अर्धा पोलिसांचा, खालचा ताईंचा. नवऱ्याला वरचाच अर्धा द्यायचा, कारण बाई कुठे जाणार तो पत्ता खाली. पण वीस वर्षं अख्खी प्रत देणारा हात डोक्याला विचारत नाही.

"अहो, अख्खी दिलीत?"

त्याने गाडी वळवली. सिग्नल लाल होता. तो थांबला नाही. ताई थोरलीला फोन लावत होत्या. घंटा वाजत होती, पलीकडे कुणी उचलत नव्हतं.

दार सताड उघडं. थोरली उंबऱ्यात बसलेली, उजवं मनगट भलतीकडे वळलेलं. आत न्हाणीघराच्या दारावर नवऱ्याच्या लाथा, दारामागे धाकटी.

हवालदाराने त्याला मानगुटीला धरून भिंतीशी दाबलं. शर्टाच्या खिशातून गुलाबी कागद डोकावत होता.

"पत्ता तुम्हीच दिलात ना, साहेब?" नवरा अजून गोडच.

नवऱ्याला कोठडीत टाकून हवालदार अहवाल लिहायला बसला.

ताई हलकेच म्हणाल्या, "फॉर्मच वाईट आहे. आपल्या दोघांचीही चूक लिहू या."

"फॉर्म कुणाचाही असो, हात माझा होता," तो म्हणाला आणि तसंच लिहिलं.

नवऱ्याला कोर्टाकडून कोठडी मिळाली. धाकटी सुखरूप राहिली. हवालदाराचं नाव यादीतून गेलं. आणि जिने नुसतं दार अडवलं, त्या थोरलीच्या मनगटाला दोन धातूच्या पट्ट्या आणि चार खिळे लागले. तिच्यासाठी त्या फॉर्मात रकानाच नव्हता.