चोविसाव्या मिनिटाला

त्या निवेदकाचं नाव मी अगदीराव ठेवलं होतं. पाहुणा जरा श्वास घ्यायला थांबला रे थांबला, की याचं आपलं 'अगदी, अगदी!' बेचाळीस मिनिटांच्या एपिसोडमध्ये छप्पन्न वेळा. पाहुणा बोलला सगळी मिळून नऊ मिनिटं. उगाच नाही म्हणत, घड्याळ लावून बसले होते मी.

पाहुणे म्हणजे आमचे हे. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. हाताने काम करणाऱ्या माणसांशी गप्पा, असा तो पॉडकास्ट. तिथे यांना नेऊन माईकसमोर बसवलं. त्यानंतर तीन आठवड्यांत हे कामावरच छातीत कळ येऊन गेले, आणि एपिसोड आला दोन महिन्यांनी. घरच्या प्रत्येक व्हिडिओत शूटिंग करणारे हेच, तेही तोंडातून शब्द न काढता. त्यामुळे यांचा आवाज म्हणून काय राहिलं, तर तो एपिसोड.

तेवढ्यावरही मी गप्प बसले असते. पण चोविसाव्या मिनिटाला अगदीराव विचारतो, "कधी भीती वाटली का हो?"

हे म्हणतात, "एकदाच. दोन मजल्यांच्या मधे अडकलो होतो. चार तास. दिवाही गेलेला. तेव्हा मला सारखं हिचं एक..."

"अगदी, अगदी! अहो, मी पण एकदा विमानतळावरच्या लिफ्टमध्ये..."

झालं! चार मिनिटं त्याचं विमानतळपुराण. वर गाद्यांची जाहिरात.

हे चार तास अडकले होते, ते मला जगाबरोबर कळलं. एक वेळ तेही सोडा. पण 'हिचं एक' काय? आठवण असती तर 'हिची' म्हणाले असते. काळजी असती तरी 'हिची'च. हिचं एक गाणं? छे, मी कधी गायले? हिचं एक बोलणं? भांडण? भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मी आपली नपुंसकलिंगी शब्द शोधत असायची. लेक म्हणाली, "आई, तुला वेड लागेल अशाने." लागू दे म्हटलं.

शेवटी तिला समोर बसवून अभिप्राय लिहून घेतला. आवाज स्वच्छ. सुरुवातीचं संगीत फार लांबलंय. प्रश्न चांगले, पण उत्तर ऐकायचं नसेल तर विचारता कशाला? पाहुण्याच्या बोलण्यात तोंड घालू नये. स्वतःच्या गमती सांगायच्या असतील तर वेगळा एपिसोड करावा. "अगदीराव मी लिहिणार नाही हं," लेक म्हणाली. शेवटी एक ओळ घातली: मूळ रेकॉर्डिंग न कापता जसंच्या तसं मिळेल का? मी त्यांची बायको आहे, ते आता नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन. "काकू, मला माहीतच नव्हतं हो, काका..."

"ते असू दे. चोविसाव्या मिनिटाला ते काय..."

"अगदी, अगदी," तो म्हणाला. आणि लगेच, "सॉरी काकू, तुम्ही बोला." संध्याकाळच्या आत त्याने सगळं रेकॉर्डिंग पाठवलं, एक तास पन्नास मिनिटांचं.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ऐकलं. हेडफोन लेकीने लावून दिले. यांचं खोकणं, पाणी मागणं, 'खुर्ची हलते हो ही' म्हणणं, सगळं होतं त्यात. मग ती भीती, ते चार तास, 'हिचं एक'. मग विमानतळ, कापलेलं नव्हतं त्यामुळे सात मिनिटं. मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती. विमानतळ संपलं, आणि तो चक्क म्हणाला, "हां काका, तुम्ही काहीतरी सांगत होतात. काकूंचं?"

थोडा वेळ नुसती ती खुर्ची वाजली.

"नाही, काही नाही," हे म्हणाले. "असंच. पुढचं विचारा तुम्ही."

हा सूर माझ्या ओळखीचा होता हो. मी बहिणीशी फोनवर बोलत असायची, नाहीतर यांचं वाक्य अर्ध्यात पकडून मीच पुरं करून टाकायची, आणि मग केव्हातरी भानावर येऊन विचारायची, "अहो, काय म्हणत होतात?" तेव्हा हे असेच म्हणायचे. मीही कामाला लागायची. त्या चार तासांनंतर घरी आले, तेव्हाही दारातच सांगायला लागले असतील, आणि उशीर केला म्हणून मी तोंडाचा पट्टा सोडला असेल. कुठला दिवस तो, मला आठवतसुद्धा नाही. तसे दिवस काय थोडे होते?

लेकीने माझ्या कानावरचे हेडफोन काढले. "सापडलं का गं आई?"

"नाही."

"मग त्याला काय लिहू?"

"लिही, मिळालं म्हणावं." त्याला आणखी काय बोलणार मी? परक्या माणसाने एका दुपारी केलं, तेच मी जन्मभर केलं. माफी मागायची तर ती यांचीच, आणि ऐकायला हे कुठे आहेत?