धुऱ्यावर हात धरता येत नाही

भादव्यात चंद्रकांता पडली, आणि तेव्हापासून श्यामरावांनी तिचा हात सोडला नव्हता.

पडणं तसं साधंच. आसगावात बाहेरून आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय घरात येत नाही. मातीची जमीन होती तोवर पायांचं पाणी जमीनच पिऊन टाकायची. मुलानं पुढच्या खोलीत गुळगुळीत फरशी बसवली, पण पाय धुण्याची रीत तीच राहिली. चंद्रकांता ओल्या पायांनी आत आली ती थेट कमरेवर आपटली. हाड मोडलं नाही, पण घराला धास्ती बसली.

श्यामराव तिला न्हाणीपर्यंत हात धरून न्यायचे, अंगणात हात धरून आणायचे. गल्लीतल्या बायका हसायच्या. "नवीन लगन झाल्यावानी दिसते जी!" म्हातारा लाजायचा, पण हात सोडायचा नाही.

आता मार्गशीर्ष लागला होता. धान कापून घरी आलं होतं, आणि कापणीच्या आधी उभ्या धानात फेकलेली लाखोरीची डाळ बांध्यांमध्ये, धानाच्या त्या खाचरांत, हिरवीगार उठली होती. तिचे कोवळे शेंडे खुडून भाजी करायची, हे चंद्रकांताचं दर हिवाळ्याचं काम. यंदा सून राखी खुडून आणायची, तीही जाड देठांसकट. भाजी निवडताना चंद्रकांता तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची आणि राखी ऐकूच न आल्यासारखं करायची.

"मले एकडाव वावरात जाऊ द्या," चंद्रकांता नवऱ्याला म्हणायची.

"धुऱ्यावरून? दोन बांध्यांमधला वीतभर रुंद मातीचा धुरा. दोघं जण बाजूबाजूनं चालू शकत नाही. हात कसा धरू तुहा?"

"नोका धरू."

"मंग नोको जाऊ."

बोलणं तिथंच संपायचं. चंद्रकांता परड्याकडच्या दारात बसून बांध्यांकडे बघत राहायची.

शेवटी राखीनंच तेजस्विनीला घरी आणलं. ही भंडाऱ्याची फिजिओथेरपिस्ट, दर बुधवारी गावात यायची. तिनं आधी उंबऱ्याजवळ पोत्याचं जाड पायपुसणं टाकायला लावलं, मग चंद्रकांताचे पाय तपासले.

"आजी, पडायच्या भीतीनं माणूस चालत नाही. चालत नाही म्हणून पाय कमजोर होतात. आणि पाय कमजोर झाले की खरंच पडतो. आता हात न टेकता खुर्चीवरून उठा बरं."

चंद्रकांता उठू लागली तसे श्यामराव कोंबडी पकडायला निघाल्यासारखे दोन्ही हात पसरून तिच्यामागं उभे राहिले.

"आजोबा, तुम्ही खाटेवर बसा," तेजस्विनी हसून म्हणाली. "त्यांच्या पायांचं काम तुमचे हात करून राहिले."

चंद्रकांतानं व्यायाम मनावर घेतला. खुर्चीवरून उठायचं, बसायचं. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या. कधी एका पायावर तोल धरायचा. तांदूळ निवडता निवडता मध्येच उठून करायची. हळूहळू पोटऱ्यांत जोर आला, आणि अंगणात ती मान वर करून चालू लागली. श्यामराव मात्र अजून हात धरायला यायचे, आणि ती मुकाट्यानं हात पुढं करायची.

एका बुधवारी तेजस्विनीनं अंगणात रांगोळीची एक सरळ रेघ ओढली. "आजी, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं टेकवत या रेघेवरून चला."

चंद्रकांता या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. राखीनं टाळ्या वाजवल्या.

"आता आजी धुऱ्यावरून जायला हरकत नाही," तेजस्विनी म्हणाली.

श्यामराव खाटेवरून पुढं झुकले. "रांगोळीवर चालणं आन धुऱ्यावर चालणं एक हाय का?"

"मामाजी, मंग तुमीच चालून दाखवा," राखी म्हणाली.

"राहू दे वो राखी," चंद्रकांता घाईघाईनं म्हणाली. "त्यायले चहा ठेव."

पण श्यामराव उठले होते. "जलम गेला माहा धुऱ्यावर," असं म्हणत त्यांनी रेघेवर पाऊल ठेवलं, मग दुसरं. तिसरं उचललं आणि अंगण एका बाजूला कललं. त्यांनी हवेत हात मारला. पडण्याआधीच कोपराखाली एक हात आला होता.

चंद्रकांताचा. ती कधीची त्यांच्या बाजूला येऊन उभी होती.

राखी मान खाली घालून चुलीकडे गेली.

"तुले मालूम होतं?" श्यामरावांनी हळूच विचारलं.

"कापणीच्या वक्ती तुमच्या धोतराले चिखल लागला होता. तुमी म्हणले, बकरीमागं धावलो. बकरी तर मी सकाळपासून दारात बांधून ठेवली होती."

त्या दिवशी धुऱ्यावरून तोल जाऊन ते बांधीत पडले होते. आजूबाजूला कोणी नव्हतं. धसकटात बसून राहिले आणि धाप ओसरल्यावर घरी आले. त्यानंतर बायकोचा हात धरला की पायाखालची जमीन घट्ट वाटायची. आपण तिला सांभाळतो, हेच ते स्वतःला सांगत आले होते.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तर तुमी खाटेवर बसले असते. हात धरून का होईना, चालत तर होते."

तेजस्विनीनं श्यामरावांना खुर्चीवर बसवलं. डोळ्यांचं विचारलं, उठल्यावर गरगरतं का विचारलं, घोटे दाबून पाहिले. "आजोबा, डॉक्टरांना एकदा दाखवून घेऊ. पायांचं काम मात्र आजपासूनच, आजींसारखं. पण तोवर तुम्ही धुऱ्यावर जायचं नाही."

"आन हे?" श्यामरावांनी चंद्रकांताकडे बोट केलं.

"त्या जातील की. राखीताई आहेत सोबत."

चंद्रकांतानं श्यामरावांकडे पाहिलं. "जाऊ जी?"

तिचा हात अजून त्यांच्या हातातच होता. घरात बसून आपण बघायचं आणि ती एकटी त्या वीतभर वाटेवर. त्यांनी हात सोडला आणि उठून खुर्चीची पाठ धरली.

"जा. दुपट्टा घेऊन जा, ऊन हाय."

परड्याच्या मागंच बांध्या सुरू होत होत्या. श्यामरावांनी खुर्ची दारात ओढली. राखी पुढं, चंद्रकांता मागं. धुऱ्याकडेच्या तुरीच्या झाडांमधून चंद्रकांताचं हिरवं लुगडं दिसायचं, लपायचं, पुन्हा दिसायचं. ती सावकाश चालत होती, पण कशाला धरत नव्हती. धुऱ्याच्या मध्यावर ती थांबली. श्यामरावांनी उभ्या उभ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. जागच्या जागी उभी राहून ओरडली, "टाचा उचलून राहिले नं?"

श्यामराव तळपाय जमिनीला टेकून नुसतेच बघत उभे होते.

"उचलून राहिलो!" ते ओरडले, आणि मग टाचा उचलल्या.